साबुदाणा आणि दुर्बीण

आमच्या घरात ‘दुर्बीण’ हा शब्द काढायला बंदी होती. बंदी मीच घातली होती. कुणी चुकून बोललं की मी भरल्या ताटावरून उठायची, आणि मी ताटावरून उठले की पुढे कुणाची धडगत नसायची. शाळेत पोरं मला टरकून असायची, घरात आमचे हे. फक्त सासूबाई घाबरायच्या नाहीत. त्यांना मी आत्याबाई म्हणायचे.

ही नव्वदच्या आसपासची गोष्ट. आम्ही दोघं सोनपेठला मास्तर होतो, मी प्राथमिक शाळेत आणि हे हायस्कुलात. बरेच महिने मला शौचाला रक्त पडत होतं. मूळव्याध असेल म्हणून पाला झाला, ताक झालं, कुणी सांगितलं म्हणून सुरण खाऊन झाला. शेवटी परभणीच्या डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं आणि घरात कुणाला आतड्याचं दुखणं होतं का म्हणून विचारलं. होतं ना. माझी आई आतड्याच्या गाठीनंच गेली. शेवटी शेवटी तिला पाणी पचत नव्हतं, आणि तिचं तोंड ओलं करायला मीच बसलेली असायची. मी हे सांगितल्यावर डॉक्टरांनी चिठ्ठी लिहायला घेतली. मग म्हणाले, औरंगाबादला जा, दुर्बिणीनं आतडं आतून बघून घ्या, उशीर करू नका.

दुर्बीण म्हणजे काय, हे मला तिथं गेल्यावर कळलं. खालून नळी घालतात. मला वाटलं होतं, पोटावर काहीतरी ठेवून बघत असतील. शिकलेल्या बाईची ही तऱ्हा!

तपासणीच्या आधी तिथल्या कंपाउंडरनं घाईघाईत सांगितलं की आदल्या दिवशी अन्न घ्यायचं नाही, रात्री एरंडेल प्यायचं आणि सकाळी यायचं. आम्ही दवाखान्याजवळच्या धर्मशाळेत खोली घेतली होती. आत्याबाई हट्टानं बरोबर आल्या होत्या, आणि येताना त्यांनी स्टोव्ह आणि डब्यांची पिशवी आणली होती. अन्न घ्यायचं नाही म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. त्यांच्या सगळ्या हयातीत एकादशी चुकली नव्हती, अन्न न घेणं म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. सकाळी साबुदाण्याची खिचडी झाली, वर दाण्याचा भरपूर कूट. संध्याकाळी भगर आणि शेंगदाण्याची आमटी. मी नको म्हणत होते, तर म्हणाल्या, “खा गं. पोटात आधार नको का? उद्या तुला लय सोसायचं हाय.”

मीही खाल्लं. आमच्या घरात अन्न म्हणजे ज्वारी, गहू, तांदूळ, डाळ. साबुदाण्याला कुणी अन्नात धरत नसे. सकाळी दवाखान्यातल्या डॉक्टरनं विचारलं, “अन्न घेतलं नाही ना?” मी छातीठोकपणे सांगितलं, “कणभर सुद्धा नाही.”

पुढचं फार सांगत नाही. डाव्या कुशीवर झोपवलं, गुडघे पोटाशी घ्यायला लावले. अंगावर जेमतेम फडकं. दार उघडं, माणसं येत-जात होती. नळी आत गेली आणि पंपाच्या फुस्स-फुस्स आवाजात पोटात वारा भरायला लागला. भरतच राहिला. पोट फुटतंय की काय असं झालं. मी ओरडले तर डॉक्टर खेकसला, “बाई, अंग सैल सोडा! असं केलं तर मी बघणार कसं?” कोपऱ्यात उभा असलेला एक वॉर्डबॉय हसला. तो खरंच मला हसला की आणखी कशाला, देव जाणे, पण मला ते हसू जन्मभर पुरलं. आईची आठवण आली. मी तिला हाका मारायला लागले, एवढी थोराड बाई मी.

शेवटी त्यानं नळी काढून घेतली आणि बाहेर जाऊन यांना सांगितलं की आतड्याच्या वळणाजवळ एक गाठ दिसली आहे, पण पुढं जाता आलं नाही. ती कसली आहे ते बघावं लागेल आणि काढावी लागेल. पुन्हा यायचं.

पुन्हा! मी तिथंच ठरवलं, मरेन पण पुन्हा त्या टेबलावर चढणार नाही.

आणि मी खरंच ऐकलं नाही. हे आधी गोडीनं बोलले, मग चिडून, मग नुसतेच माझ्याकडं बघत बसायला लागले. माझं उत्तर एकच, की मूळव्याध आहे, दुसरं काही नाही. रक्त पडायचं थांबलं म्हणून मी थापही मारली. थांबलं नव्हतं. शाळेच्या शेजारी सायकलचं दुकान होतं. तिथं कुणी पंपानं हवा भरायला लागलं की ते फुस्स-फुस्स ऐकू येऊ नये म्हणून मी वर्गाची खिडकी लावून घ्यायचे. पोरांना वाटायचं, बाईंना ऊन लागतंय.

एकदा तर यांनी मला न विचारता तारीख घेतली. जायच्या दिवशी सकाळी बातमी आली की नामांतरावरून बंद पुकारलाय, डेपोतून एकही गाडी सुटणार नाही. बंद कुणी केला, कशासाठी केला, मला त्या दिवशी काही देणंघेणं नव्हतं. मी मनातल्या मनात बंदवाल्यांना दंडवत घातला आणि दुपारी पुऱ्या तळल्या. यांनी पुरीला हात लावला नाही. म्हणाले, “तुझ्या आईला कुणी वेळेवर सांगितलं नव्हतं. तुला सांगितलंय.” मी पुऱ्या झाकून ठेवल्या. त्या तशाच राहिल्या.

त्यानंतर हे एकटेच औरंगाबादला जाऊन आले. गोळ्यांवर भागत असेल तर बघतो, म्हणून गेले होते. आले तेव्हा बूटसुद्धा न काढता ओट्याशी येऊन उभे राहिले. मी भाकरी थापत होते, आत्याबाई लसूण सोलत बसल्या होत्या.

“डॉक्टरनं विचारलं, आदल्या दिवशी बाईंनी काय खाल्लं होतं,” हे म्हणाले. “मी म्हटलं, अन्न नाही, नुसती खिचडी अन् भगर. तर त्यानं कपाळावर हात मारून घेतला.”

साबुदाणा, दाण्याचे तुकडे, भगर, सगळं आतड्यात तसंच चिकटलेलं होतं. एरंडेलानं निघालं नाही, एनिमानं निघालं नाही. त्याला वाट दिसेना म्हणून तो वारा भरत राहिला, नळी पुढं-मागं करत राहिला, आणि मी टेबलावर तडफडत राहिले. फक्त पाणी, नारळपाणी, बिनदुधाचा चहा, वरणाचं वरचं निवळ, एवढंच घेतलं असतं तर एवढा त्रास झालाच नसता.

माझा पहिला राग डॉक्टरवर आला. “मग त्या मुडद्याला तेव्हा नीट विचारायला काय झालं होतं?” मी हातातलं पीठ परातीत आपटलं. पण त्या रागाखाली काहीतरी सैल झालं होतं. इतके महिने मला वाटत होतं की माझं शरीरच तसलं आहे, आईसारखं, आतून नासलेलं, हात लावला की दुखणारं. आणि कारण काय, तर शेंगदाणा! मला हसू फुटलं.

आत्याबाई हसल्या नाहीत. त्यांच्या हातातली लसणाची पाकळी तशीच राहिली. मग त्या उठल्या आणि देवापाशी जाऊन बसल्या. मी मागं गेले तर म्हणाल्या, “तुझी तकलीफ माझ्या हातची हाय, पोरी. मी माझ्या हातानं चारलं तुला.”

“तुम्हाला काय ठाऊक होतं, आत्याबाई?”

“ठाऊक नव्हतं म्हून काय झालं? सोसलं कुणी?”

दोन-चार दिवसांनी एकादशी आली. मी साबुदाणा भिजवायला घेतला, तर त्यांनी डबा माझ्या हातातून काढून घेतला. “तू दुर्बिणीला जाईस्तोवर अन् ती गाठ काय हाय ते कळंस्तोवर मी साबुदाण्याला शिवणार न्हाई. भगरीलाबी न्हाई.” त्या दिवशी त्या नुसत्या पाण्यावर बसल्या. सत्तरी ओलांडलेली बाई. संध्याकाळी तुळशीला दिवा लावून उठताना त्यांचा तोल गेला आणि त्यांनी भिंत धरली. माझा जीव घाबरा झाला.

“मराल ना अशानं!” मी ओरडले.

“मंग चल की,” त्या शांतपणे म्हणाल्या. “मी तुला कुठं अडवायले? तूच मला अडवायलीस.”

इतके महिने सगळ्यांनी मला भीती घातली होती, गाठ वाढेल, आईसारखं होईल. त्यानं मी जास्तच घट्ट होत गेले. या बाईनं भीती घातली नाही. तिनं नुसता फराळ सोडला. मी यांना सांगितलं, तारीख घ्या. पण माझ्या अटी आहेत.

अटी मी स्वतः डॉक्टरला जाऊन सांगितल्या, वर्गात सांगते त्या आवाजात. दार लावायचं. अंगावर पुरती चादर. मी थांबा म्हटलं की थांबायचं. आणि सासूबाई माझ्या उशाशी बसतील. डॉक्टरनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. “बसू द्या,” तो म्हणाला. “मागच्या वेळी मीच नीट विचारायला पाहिजे होतं.” हे ऐकून माझा निम्मा राग तिथंच उतरला, आणि मला जरा वाईटच वाटलं, कारण राग मला धरून ठेवायला बरा पडत होता.

आदल्या दिवशी तीच धर्मशाळा, पण स्टोव्हवर फक्त वरणाचं निवळ आणि कोरा चहा. अंधार पडल्यावर मी एरंडेलाचा पेला हातात घेतला आणि बघते तर आत्याबाईंच्या हातातही पेला.

“अहो, हे काय?”

“एकटीनं कामून प्यायचं?”

“आई, वेडी झालीस का तू?” हे ओरडेपर्यंत त्यांनी नाक दाबून पेला रिकामा केला होता. मग काय विचारता! धर्मशाळेचा संडास एकच. मी तांब्या घेऊन निघाले की त्या दारात, त्या बाहेर आल्या की मी पळत. हे अंगणात कंदील धरून उभे, आणि आम्ही दोघी हसून हसून बेजार. पोट रिकामं होता होता माझ्यातली धास्तीही किती बाहेर पडली कोण जाणे.

सकाळी मात्र टेबल दिसलं. नळी दिसली. तो पंपाचा आवाज आला. मी म्हटलं, “थांबा.” अजून काही सुरूही झालं नव्हतं, तरी डॉक्टर खरंच थांबला. हात बाजूला घेऊन उभा राहिला. आत्याबाईंनी माझा हात धरला. त्यांचा तळवा खरखरीत आणि गरम होता. मी डोळे मिटले आणि म्हटलं, “हं. घाला.”

दुखलं. दुखलं नाही असं मी कुणाला सांगणार नाही. पण ते येणारं आणि जाणारं दुखणं होतं, वळणावर यायचं आणि ओसरायचं. डॉक्टर सांगत होता, आता जरा ओढ बसेल, आता बसली, आता गेली. इंजेक्शननं थोडी गुंगी होती, तरी मला सगळं ऐकू येत होतं. गाठ सापडली. तारेनं कापून काढली, त्याचं काहीच दुखलं नाही. मग पार शेवटपर्यंत जाऊन आला, आणि काय सुचलं त्याला, म्हणाला, “आजी, बघता का?”

आत्याबाईंनी दुर्बिणीच्या बाहेरच्या टोकाला डोळा लावला. बराच वेळ बघत राहिल्या.

“साबुदाणा न्हाई कुठं,” त्या म्हणाल्या. “शेंगदाणाबी न्हाई. लय साफ हाय, माझ्या देवघरापरास साफ.”

मी तशीच हसायला लागले. “बाई, हसू नका, दुर्बीण हलते,” डॉक्टर म्हणाला, आणि तोही हसत होता.

गाठ तपासायला पाठवली होती. मधले दिवस फार वाईट गेले, त्यांचं काही सांगण्यासारखं नाही. मग हे एके संध्याकाळी एसटीतून उतरून जवळजवळ पळत आले. साधी गाठ होती. आईसारखं काही नव्हतं. हे दारातच बसले आणि रुमालात तोंड घालून रडले.

आत्याबाई उठल्या. स्वयंपाकघरात गेल्या, डबा काढला, साबुदाणा धुऊन भिजत घातला.

“आत्याबाई, आज एकादशी नाही,” मी म्हटलं.

“मला ठावं हाय.”

सकाळी त्यांनी खिचडी केली, दाण्याचा कूट घालून, आणि पहिली ताटली माझ्यापुढं ठेवली. “खा. आता कुणी दुर्बीण घालणार न्हाई.”

“घालणार आहेत,” मी म्हटलं. “डॉक्टर म्हणालेत, दोन वर्षांनी परत दुर्बीण घालून बघायचं. मी हो म्हणून आलेय.”

हा शब्द घरात मी पहिल्यांदाच एवढ्या सहज बोलत होते, ते माझ्या आधी त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं, पदरानं डोळे पुसले, आणि माझ्या ताटलीत आणखी एक डाव वाढला.

“मंग तवर खाऊन घे,” त्या म्हणाल्या.