आधी पाइप
ओल्या राखेचा वास आला की मला कोराडीचं आमचं दोन खोल्यांचं घर आठवतं. वीजकेंद्रातली राख तलावात नेणाऱ्या पाइपवर बाबा मजूर होते आणि मी घरातली पहिलीच कॉलेजात गेलेली. माझा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट समुद्रातल्या तेलाचा होता. कोणती विहीर कधी खोदायची, पाइप कधी टाकायचा, हे गणितानं ठरवायचं. "समुद्र पाहिला नाही तुम्ही, सोपा विषय घ्या," सर म्हणाले होते. उद्या बरोबर उत्तर दाखवलं तरच विषय माझ्याकडे राहणार होता. संध्याकाळी संगणकाचं उत्तर मी बाबांना कौतुकानं वाचून दाखवलं. "विहिरी पहिल्या वर्षी अन् पाइप तिसऱ्या? काहून वं, दोन वर्षं तेल काय माठात भरून ठेवशीन?" बाबा हसले. "आमच्याकडे आधी पाइप जोडतेत, मंग राख सोडतेत." पाइप आल्याशिवाय विहिरीतून तेल काढायचं नाही, ही अट मी गणितात घालायचीच विसरले होते! मी उठलेच नाही; अट घातली, सगळं गणित पुन्हा सोडवलं. दुसऱ्या दिवशी सर कागदावरच्या त्या अटीवर बोट ठेवून म्हणाले, "इथे बहुतेक मुलं चुकतात." "मीही चुकले होते, सर. माझ्या वडिलांनी पकडलं. ते राखेच्या पाइपवर मजूर आहेत." विषय माझ्याकडेच राहिला. समुद्र मला पुढे नोकरीतच दिसला, पण आजही नव्या कामात पहिली अट मी तीच लिहिते.