कंसातला हशा

प्राध्यापक आले तेव्हा मी गच्चीवर कुरडया वाळत घालत होते. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद, आणि चेहऱ्यावर घरचं लग्न ठरल्यासारखा आनंद. जिन्यातूनच त्यांनी सांगितलं, "मॅडम, सापडलं. तुमच्या वडिलांचं भाषण सापडलं."

माझे वडील, आमचे आबा, हे राज्य जन्माला आलं तेव्हाच्या पहिल्या सभागृहात आमदार होते. एकदाच निवडून आले, पुन्हा उभे राहिले नाहीत. त्या काळच्या कामकाजाची पुस्तकं आता संगणकावर चढवली आहेत म्हणे, त्यातून या प्राध्यापकांनी आबांचं पान शोधून छापून आणलं होतं. ते तालुक्याच्या कॉलेजात मराठी शिकवतात. एक मेला कॉलेजात राज्याच्या स्थापनेचा कार्यक्रम होता आणि हे भाषण मी वाचून दाखवावं, अशी त्यांची इच्छा होती. कल्पना वाईट नव्हती. मी हात पुसले, चष्मा लावला आणि वाचायला घेतलं.

'अध्यक्ष महाराज, आम्ही गोदावरीच्या पलीकडील तीरावरचे रहिवासी आहोत. आमच्या भागातील स्त्रियांना प्रसूतीसाठी नावेतून आणावे लागते. (हशा)'

एवढंच. त्याखाली पुढच्या सदस्याचं भाषण सुरू होत होतं, कापसावर.

"ते कंसातलं आपण गाळू," प्राध्यापक म्हणाले. "चांगल्या दिवशी कशाला? आणि खरं सांगू का, ते हसले कशाला हेच मला कळलं नाही. यात हसण्यासारखं काय आहे?"

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्यांचा बिचाऱ्यांचा दोष नव्हता. यात हसण्यासारखं खरोखरच काही नाही, कारण आबा असं बोललेच नव्हते.

आबा शिकले उर्दूत. निजामाचं राज्य, शाळा उर्दू, कचेरी उर्दू, कोर्ट उर्दू. मराठी होती ती घरात, रानात, सोनपेठच्या बाजारात. तीच त्यांची मराठी, दुसरी त्यांना कुणी शिकवलीच नव्हती. म्हणून मराठीचं वेगळं राज्य होणार म्हटल्यावर त्यांना कोण आनंद झाला! आता आपल्या बोलीत दाद मागायची, मध्ये दुभाषा नको, असं ते गावात सांगत फिरले. मुंबईला जाताना भाषण लिहून नेलं तेही उर्दू लिपीत. शब्द आमचे, अक्षरं उजवीकडून डावीकडे.

मागणी एकच होती, पूल. आमचं गाव गंगेच्या उत्तरेला (गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात) आणि दवाखाना दक्षिणेला, गंगाखेडला. आबांच्या धाकट्या बहिणीला, म्हणजे माझ्या आत्याला, पहिल्या बाळंतपणाच्या कळा भर पावसाळ्यात सुरू झाल्या. दारची बैलगाडी काय कामाची? तिला डोंग्यात, म्हणजे लहानशा नावेत घातलं. तिचं डोकं आबांच्या मांडीवर होतं. नदीच्या मधोमध ती गेली, पोटातल्या लेकरासकट. आबा निवडणुकीला उभे राहिले ते याच्यासाठी. राजकारणातलं त्यांना दुसरं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं.

सभागृहात त्यांचा नंबर लागला तेव्हा ते उभे राहिले आणि म्हणाले, "अध्यक्ष महाराज, आमी गंगंच्या पल्याडचे. आमच्या बायायला बाळातपणाला डोंग्यात घालून आणायलाव आमी." हे वाक्य मला पाठ आहे, कारण आमच्या घरात ते आबांनी किती वेळा म्हणून दाखवलं याला गणतीच नाही. 'आणायलाव' म्हणजे आमच्याकडं 'आणतो आहोत'. ते म्हटल्याबरोबर समोरचे बाक हसले. मग बाजूचे हसले. कुणीतरी मागून 'आणायलाव, आणायलाव' असं वेडावून म्हटलं, तेव्हा सगळेच हसले. आबांचं पुढचं वाक्य बहिणीचं होतं. त्या हसणाऱ्या तोंडांपुढं बहिणीचं नाव काढायची त्यांना किळस आली. ते खाली बसले.

पण मला जास्त संताप येतो तो त्यानंतरच्या गोष्टीचा. दोन-चार दिवसांनी त्यांना भाषणाची प्रत तपासायला दिली. आबांनी शेजारच्या सदस्याकडून ती वाचून घेतली आणि तडक कार्यालयात गेले. तिथल्या अधिकाऱ्यानं नीट समजावलं, की तुमच्या भाषेत थोडी दुरुस्ती केली आहे, कायमच्या नोंदीत शुद्ध भाषा बरी दिसते. आबा म्हणाले, ते ऱ्हाऊ द्या, निदान हसलेलं तेवढं काढा. अधिकारी म्हणाला, ते काढता येणार नाही. जे घडलं ते नोंदवावंच लागतं.

"मंग माझं बोलणं घडलंच न्हाई का?" आबांनी विचारलं.

अधिकाऱ्यानं प्रत पुढं सरकवली. सही मागितली आणि आबांनी ती उर्दूत केली. पुढं मुदत संपेपर्यंत ते सभागृहात जात राहिले, मत द्यायला हात वर करत राहिले, पण तोंड उघडलं नाही. मुदत संपल्यावर परत आले आणि शेती पाहू लागले. एक मेला शाळेतून प्रभातफेरी निघायची, आम्ही पोरं घोषणा देत घरावरून जायचो, तेव्हा आबा गोठ्यात जाऊन बसायचे. मला त्यांचा राग यायचा. गावातल्या सगळ्यांचे बाप झेंड्याला येतात, आणि आपला शेणात बसतो!

आमच्याकडच्या पुढाऱ्यांना भाषणात एक वाक्य फार आवडतं. आम्ही या राज्यात बिनशर्त आलो. छाती फुगवून सांगतात. अरे, बिनशर्त आलात म्हणून तर तोंडाला पानं पुसली! आबांची एक शर्त होती, आणि ती ऐकून घ्यायच्या आधीच लोकांनी दात काढले. भाषेच्या नावानं राज्य मागितलं, आणि राज्य मिळाल्यावर आधी कुणाची भाषा खरी ते ठरवून टाकलं. पूल झाला, नाही असं नाही. आबा गेल्यावर झाला. नारळ फुटला, फटाके वाजले, आणि कोनशिलेवर ज्यांची नावं आली त्यांच्यातल्या एकानंही जन्मात डोंग्यात पाय ठेवला नसेल.

हे सगळं मी प्राध्यापकांना गच्चीवरच सांगितलं.  ते हळूच म्हणाले, "पण मॅडम, फ्लेक्स छापून झालाय." त्यांनी मोबाइलवर दाखवला. आबांचा फोटो, मागं पूल, आणि खाली ठळक अक्षरात 'नावेतून आणावे लागते'. कंस अर्थातच नव्हता.

"वाचीन तर आबा बोलले तसं वाचीन, आणि हशासकट," मी म्हटलं. "नाहीतर दुसरं कुणी बघा."

"विद्यार्थ्यांसमोर अशी भाषा... प्राचार्य काय म्हणतील?"

"त्यांना सांगा, बाई म्हातारी आहे, ऐकत नाही."

एक मेला उन्हं चढायच्या आत झेंडावंदन झालं आणि मंडळी सभागृहात आली. पंखे घरघरत होते. प्राचार्यांनी प्रास्ताविकात 'बिनशर्त' म्हटलंच. मग माझं नाव पुकारलं. समोर पोरंपोरी खचाखच बसलेली. बरीचशी सोनपेठकडची, काही तर थेट आमच्या पल्याडच्या गावांतली, सकाळी आईला 'येतो गं, उशीर व्हायलाय' म्हणून एसटीत बसून आलेली. मी कागद घडी करून ठेवला. त्याची मला गरज नव्हती.

"अध्यक्ष महाराज," मी म्हणाले, "आमी गंगंच्या पल्याडचे. आमच्या बायायला बाळातपणाला डोंग्यात घालून आणायलाव आमी."

मागच्या रांगांतून फिसकन हसू फुटलं. ते पुढं सरकत आलं. पहिल्या रांगेतल्या दोन मुलींनी तोंडाला ओढणी लावली. व्यासपीठावर एक पाहुणे होते, त्यांनाही आवरेना.

मला वाटलं होतं मी ओरडेन. आबांसारखी खाली बसेन असंही क्षणभर वाटलं. मुंबईच्या सभागृहातल्या बहुतेकांना निदान ही बोली परकी होती. यांना काय झालं? घरी आईच्या तोंडची भाषा माइकवर ऐकू आली तर हसू येतं, इतकं यांना आपण शिकवून ठेवलं. मी माइक सोडला नाही.

"कंसात हशा," मी म्हणाले. "तेव्हाही याच जागी हसले होते. बरोबर याच शब्दाला."

हसू एकदम थांबलं.  मग मी आबांचं पुढचं वाक्य म्हटलं, जे कुठल्याच पुस्तकात नाही.

"माझी बहीण त्याच डोंग्यात मेली, अध्यक्ष महाराज. माझ्या मांडीवर मेली. आमाला पूल पायजे."

 पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं ओढणी खाली घेतली आणि माझ्याकडं बघत राहिली. प्राध्यापक कडेला टेबलाशी बसले होते, कार्यक्रमाचा वृत्तांत लिहायला. त्यांचा पेन थांबला होता.

"लिहा, सर," मी माइकवरूनच म्हटलं. "आणि दुरुस्त करू नका."