चर्चपाशी थांबायचं नाही

शुक्रवार, १७ जानेवारी. सकाळी साडेदहा, कुवेतमधल्या आमच्या घरी. विषय: आयर्लंडमध्ये काय बघायचं. हजर: मी, आमचे हे, बँकेतले कुलकर्णी आणि कुलकर्णी वहिनी. मुलं आतल्या खोलीत, कानाला हेडफोन. आणि न बोलावता, इस्त्रीचा शर्ट घालून आलेले आमच्या शाळेचे ड्रायव्हर.

एवढी नोंद माझ्या वहीत आहे. त्यांची हाताची खूण वहीत नाही, पण ती लिहून ठेवायची गरजही नाही. कोणी रस्ता विचारला की ते उजवा हात नाकासमोर धरत, तळहात उभा, आणि गर्दीतून वाट काढावी तसा पुढे सारत. "सरळ," म्हणत. बाकीचं मग.

मी शाळेचं ऑफिस सांभाळते. शाळेत चार आयरिश शिक्षक आहेत, तेव्हा मी रीतसर एक तक्ता छापून त्यांना वाटला होता: जिल्हा, काय बघावं, किती दिवस, शेरा. चारही तक्ते वेळेवर परत आले. चौघांनीही आपापला जिल्हा पहिला लिहिला होता. कॉर्कच्या बाईंनी 'किती दिवस' या रकान्यात 'सगळे' असं लिहिलं. केरीच्या गणिताच्या सरांनी कॉर्कपुढे 'फक्त विमानतळ' असा शेरा मारला. गॉलवेच्या बाईंनी पाऊस कबूल केला, पण आमचा पाऊस वेगळा असतो म्हणाल्या. डोनेगलच्या खेळाच्या सरांनी बाकी तिघांचं मत विचारात घेऊ नये, अशी तळटीप दिली.

"यावरून काय ठरवणार?" आमचे हे म्हणाले.

ड्रायव्हरांनी घसा खाकरला. "लीट्रिम."

तक्त्यात लीट्रिम नव्हतं. कुलकर्णींनी फोनवर शोधलं, बोटांनी मोठं करून पाहिलं, पुन्हा लहान केलं. "इथं बघण्यासारखं काय आहे?"

"काय नाय," ते शांतपणे म्हणाले. "म्हणून गर्दी नाय."

ते आयर्लंडला कधीच गेलेले नव्हते. देवगडजवळचं गाव, अब्बासियातली पाच जणांची खोली आणि शाळेची बस, एवढाच त्यांचा भूगोल. पण आमचे जुने मुख्याध्यापक लीट्रिमचे. मी शाळेत येण्याआधीच ते निवृत्त झाले. त्यांना या ड्रायव्हरांनी नऊ वर्षं सलव्याहून अर्दियाच्या बाजूला शाळेत नेलं-आणलं. सिक्स्थ रिंग रोड तुंबला की गाडी तासभर हलायची नाही. तेवढ्या वेळात सर आपल्या घराचा रस्ता सांगत बसायचे. रोज तोच. यांचा तो पाठ झाला होता.

"गाव संपला की चर्च लागतं. चर्चपाशी थांबायचं नाही. सरळ. मग डावीकडे लाल फाटक. फाटकात कुत्रा झोपलेला असतो. तो उठत नाय, तुम्ही बाजूने घ्या."

"अहो, सर तिकडे परतून सहा वर्षं झाली," कुलकर्णी म्हणाले. "कुत्रा अजून तिथंच असेल?"

"सरांनी उठ म्हटलं नसेल, तर असणार."

लीट्रिम चार विरुद्ध शून्य मतांनी पडलं. ड्रायव्हरांना मत नव्हतं. त्यांनी चहा संपवला, कप स्वतः विसळला. मी लिफ्टपर्यंत गेले. तिथं खरं कारण निघालं. दर शुक्रवारी दुपारी सरांचा फोन यायचा. गणपतीपासून तो बंद होता.

"फोन पाण्यात पडला असणार," ते म्हणाले. "तिकडे पाऊस फार."

मी म्हटलं, रविवारी शाळा उघडली की विचारते, दोन मिनिटांचं काम आहे. त्यांनी लिफ्टचं दार पायाने अडवलं. "चौकशी नको, ताई. चौकशी केली की लोक कायतरी सांगतात. तुम्ही जाताय तर भेटूनच या."

मी घरात येऊन वहीतल्या सहलीच्या यादीत शेवटी लिहिलं: १४. लीट्रिम, सरांची भेट.

त्यानंतर जूनपर्यंत त्यांनी लीट्रिमचा प्रचार सोडला नाही. तुम्हीही असा माणूस पाहिला असेल, जो एकदा बाजू घेतली की हरलेल्या मतमोजणीनंतरही सभा घेत राहतो. तिथं तळी आहेत. तिथले लोक हॉर्न वाजवत नाहीत. एकदा गॉलवेच्या बाई त्यांना हसून म्हणाल्या, लीट्रिमला कोणी जात नाही, सगळे तिथून पुढे जातात. हा त्यांनी आपला विजय धरला. "बघा ताई, त्याच बोलल्या. सगळ्यांचा रस्ता तिथूनच."

जूनमध्ये त्यांचा करार संपला आणि ते कायमचे गावी गेले. जाताना जमियातून, म्हणजे इथल्या सहकारी भांडारातून, आणलेला खजुराचा डबा माझ्या टेबलावर ठेवला. "बिया काढलेला आहे. सरांना तोच लागतो."

जुलैत आम्ही गेलो. प्रसिद्ध कड्यांवर धुकं होतं. कुलकर्णींनी धुक्याचे सहा बाजूंनी फोटो काढले. केरीत एका मोठ्या बसची मागची बाजू दीड तास पाहिली. मग वाऱ्यामुळे बोटीची सहल रद्द झाली आणि एक दिवस मोकळा पडला. कुलकर्णी वाट वाकडी करायला तयार नव्हते. मी वही उघडून चौदाव्या ओळीवर बोट ठेवलं.

सरांचं गाव संपलं. चर्च लागलं. गाडीतल्या चौघांनी एकदमच हात नाकासमोर धरला आणि म्हटलं, "सरळ." डावीकडे लाल फाटक आलं. कुलूप होतं. फाटकापाशी एक म्हातारा कुत्रा पसरलेला होता. त्याने एक डोळा उघडला आणि मिटला.

कोपऱ्यावरच्या दुकानात चौकशी केली. कुवेतहून आलो म्हटल्यावर दुकानातल्या बाईंनी हातातलं काम ठेवलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: सिक्स्थ रिंग रोड अजून तसाच तुंबतो का? मग त्यांनी मला सलव्यापासून शाळेपर्यंतचा रस्ता सांगितला. पूल कुठं लागतो, उजवी लेन का धरायची नाही, ड्रायव्हर कुठं पुटपुटायला लागतो. एकही वळण चुकलं नाही. त्या कधी देशाबाहेर गेल्या नव्हत्या. सर संध्याकाळी त्यांच्या दुकानात येऊन बसायचे आणि हा रस्ता सांगायचे.

सर गेल्या सप्टेंबरात वारले होते. चर्चच्या आवारात त्यांना पुरलं होतं. कुत्र्याला बाईच जेवण घालत होत्या.

मी पुढे केलेला खजुराचा डबा त्यांनी तिथंच उघडून सगळ्यांना एकेक दिला. "बिया काढलेला आहे," मी म्हटलं.

परतताना आम्ही चर्चपाशी थांबलो.

कुवेतला आल्यावर देवगडहून संदेश आला. चर्च लागलं? लागलं. लाल फाटक? आहे. कुत्रा? होता, उठला नाही. त्यावर त्यांनी हसल्याचं चिन्ह पाठवलं. सरांचं त्यांनी विचारलं नाही. मीही लिहिलं नाही. असली गोष्ट संदेशात कळवायची नसते.

सहलीच्या यादीतल्या सगळ्या ओळींवर खूण झाली आहे. चौदाव्या ओळीखाली मी एक नवी ओळ घातली: १४-अ. देवगडला फोन करणे, शुक्रवारी दुपारी.

पाच शुक्रवार झाले, त्या ओळीवर खूण नाही.