पिंजऱ्याचं झाकण

गुजरातमधल्या त्या बंदराच्या धक्क्यावर मला एका जागी उभं राहवत नव्हतं. नाना, म्हणजे माझे वडील, उकिडवे बसून पाण्याकडे बघत होते. जन्मभर जळगावात ठिबकच्या नळ्या जोडलेला माणूस समुद्र पहिल्यांदाच बघत होता. आमचं यंत्र पाण्यात होतं: काळ्या पाइपांचे दोन लांब तरंगते हात, खाली जाळी आणि हात मिळतात तिथे पिंजरा. पाणी वाहतं, कचरा आपोआप आत येतो. ना वीज, ना इंजिन.

पुण्याची नोकरी सोडून मी या उद्योगात पडले तेव्हा नानांनी एकच अट घातली होती. बंदरवाल्यांनी यंत्र घेतलं तर जळगावातली आमची कामाची शेड माझी. नाहीतर ती शेजारच्या मारवाडी शेटजींना गोदामासाठी द्यायची आणि मी गुमान पुण्याला परत जायचं. उगाच शूरपणा कशाला सांगू, मला भीती वाटत होती.

मुक्ताईनगरजवळ तापीत चाचणी झकास झाली होती. आमच्याकडे लोक निर्माल्य नदीत सोडतात, तेही प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून, आणि वर हात जोडतात. एरवी माझं डोकं फिरतं. त्या दिवशी मात्र त्याच पिशव्या एकामागून एक पिंजऱ्यात शिरल्या आणि मी काठावर चक्क नाचले.

इथेही दुपारपर्यंत पिंजरा भरला. बाटल्या, वेफर्सची पाकिटं, चपला. बंदराचे साहेब फोटो काढून चहाला गेले. मग पाणी थबकलं आणि उलटं निघालं. पिंजऱ्याचं तोंड उघडंच होतं. आत आलेलं सगळं शिस्तीत बाहेर पडून बंदरभर पसरलं. भरती-ओहोटी आम्हा दोघांनाही शाळेत शिकवली होती, पण हाताला सवय नदीची. पाणी उलटलं की मिटणारं झाकण लावायचं सुचलंच नाही. साहेब परत आले, हसू दाबत म्हणाले, कळवतो.

परतताना साक्रीला थांबलो. चहाच्या टपरीवर मी चिडून म्हटलं, काहीतरी बोला की. कपाकडे बघतच ते म्हणाले, "आपली तापी कधी मांगे फिरनी नही, पोरी. मंग आपलाले कसं समजी?"

ही समजूत होती की शेड गेल्याची खबर, मला कळेना. धुळ्यापर्यंत मी खिडकीकडे तोंड करून रडले.

सोमवारी शेटजी टेप घेऊन मापं घ्यायला आले. मी सामान आवरत होते, हाताला लागेल ते आदळत. नाना शेडच्या मधोमध बसून पिंजऱ्याच्या तोंडाच्या मापाची जाळीची एक चौकट कापत होते. शेटजींचा टेप त्यांच्यापर्यंत आला, तसा त्यांनी तो हाताने बाजूला सारला आणि मान वर न करता मला विचारलं, "आते तठे पानी येस का जास?"

मी फोनमध्ये पाहिलं. तिकडे बंदरात आता ओहोटी होती, पाणी परत जात होतं.

"जास," मी म्हटलं.

"मंग झाकन धर," नाना म्हणाले.