एका स्वल्पविरामाचे तीन दिवस

पाणीपुरवठा कार्यालयात ताई टंकलेखिका म्हणून लागल्या, त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. पुढे टंकयंत्रं गेली, संगणक आले आणि 'तुम्हाला बटणांची सवय आहे' एवढ्या भांडवलावर सर्व्हरची खोली त्यांच्या गळ्यात पडली. बाकीचं त्या धडपडत शिकल्या.

सोमवारी जुना सर्व्हर बदलला. टाक्यांची पातळी दाखवणारा प्रोग्राम आता कंटेनरमध्ये, म्हणजे त्याच्या स्वतंत्र बंद डब्यात, चालवायचा होता. तो कोणत्या नेटवर्कला कसा जोडायचा, हे डबा सुरू करायच्या आज्ञेतच लिहायचं. ती आज्ञा काही केल्या चालेना. पडद्यावर एकच पालुपद: पर्याय चुकीचा.

तिकडे टेकडीवरच्या टाकीचा पंपवाला दर तासाला ब्याण्णव पायऱ्या चढून पातळी बघायचा आणि फोनवर सांगायचा.

"ताई, आज तरी होईल का? गुडघे कुरकुरायला लागलेत."

"बघते हो दादा."

मंगळवार तसाच गेला. बुधवारी दुपारी, डोळ्यांची आग आग होत असताना, ताईंना घोळ दिसला. नेटवर्कच्या त्या पर्यायात दोन पत्ते होते, मध्ये स्वल्पविराम. स्वल्पविराम आला की पर्याय संपला, असं कंटेनरचं साधन धरून चालायचं. ताईंनी पत्त्यांना अवतरणचिन्हं घातली होती, पण आज्ञा आधी शेल, म्हणजे टंकलेली आज्ञा पुढे पोचवणारा मधला प्रोग्राम, वाचतो, आणि तो ती चिन्हं वाटेतच काढून घ्यायचा. पुढे पोचायचा तो उघडाबोडका स्वल्पविराम. मग ताईंनी दोन वेष्टनं चढवली, आत दुहेरी अवतरण, बाहेर एकेरी. बाहेरचं शेलने काढलं, आतलं टिकलं. पडद्यावर टाकीची पातळी उमटली.

साहेब डोकावले. "एवढ्याशा स्वल्पविरामाला तीन दिवस?"

"हो साहेब. सापडला नसता तर चार लागले असते."

साहेब हसले की रागावले, हे बघायचंही त्राण ताईंत नव्हतं. त्यांनी फोन लावला.

"दादा, आता चढू नका. इथे दिसतंय."

पलीकडून धाप ऐकू आली.

"अर्ध्यात आलोय," तो म्हणाला. "बसतो इथेच जरा."

"बसा."

ताईंनीही खुर्चीत मान टाकली. फोन ठेवायचं दोघांच्याही लक्षात राहिलं नाही.