बैठकीआधी लिहिलेलं इतिवृत्त

“मिनिट्स तो बन गए, अब बस मीटिंग बाकी है।”

आमचे हेडक्लार्क, बडे बाबू, फोनवर कुणाला तरी हे सांगत होते आणि प्रिंटरमधून तीच पानं एकेक करून माझ्या हातात पडत होती. मंगळवार होता. अभ्यास मंडळाची बैठक गुरुवारी होती. कागदावर मात्र ती होऊन गेली होती. अध्यक्षांनी सर्वांचं स्वागत केलं होतं, सदस्यांनी प्रत्येक मुद्द्यावर सखोल चर्चा केली होती, शेवटी आभारही मानून झाले होते.

बडे बाबूंनी फोन ठेवला आणि माझा चेहरा बघून हसले. सगळीकडे असंच असतं, म्हणाले. बैठक संपली की लोक गाडीत बसून निघून जातात, मग सह्यांसाठी महिनाभर त्यांच्या मागे कोण फिरणार? आधी लिहून ठेवलं की तिथल्या तिथे वाचून दाखवायचं, सह्या घ्यायच्या, काम फत्ते. माणूस वाईट नव्हता. वीस वर्षं त्याच टेबलावर काढली होती आणि कुठला कागद कुठे अडतो हे त्यांना डोळे मिटून सांगता यायचं.

आमच्या विद्यापीठाच्या आरोग्य विद्याशाखेचं ऑफिस इंदूरच्या तुकोगंजात, हॉस्पिटलच्या मागच्या इमारतीत होतं. मी तिथे प्रोग्राम असोसिएट होते. म्हणजे नवीन अभ्यासक्रम सुरू करायचा ठरला की त्याला लागणारे सगळे कागद मी तयार करायचे. करार एक वर्षाचा, तोही पुढच्याच महिन्यात संपणार होता. ही नोकरी मला माझ्या इंग्रजीमुळे मिळाली होती. मुलाखतीत मी जेमतेम चार वाक्यं बोलले, पण लेखी परीक्षेचा पेपर त्यांना आवडला. मी कमी बोलते. लोक त्याचं कारण शोधत बसतात, कुणी म्हणतं घमेंड, कुणी म्हणतं बिचारी. मला स्वतःला त्याचा कधी त्रास झालेला नाही. गप्प बसलेल्या माणसासमोर लोक खूप काही करतात आणि ते सगळं मला दिसतं.

नवीन अभ्यासक्रम होता रुग्णसेवा सहायकांचा, एक वर्षाचं प्रमाणपत्र. बिछान्याला खिळलेल्या माणसाला कूस बदलून द्यायची, अंग पुसायचं, भरवायचं, पलंगावरून खुर्चीत बसवायचं, पाठीला जखमा होऊ द्यायच्या नाहीत, हे सगळं रीतसर शिकवायचं. पुस्तकं होती, पण ती वाचून मला एकही पान लिहिता येईना. मग नर्सिंगच्या एका मॅडमनी सांगितलं, पुस्तक ठेव बाजूला, खाली वॉर्डात जा आणि काकीला बघ.

काकी त्या हॉस्पिटलमध्ये बावीस वर्षं आया होती. आमच्यासारखीच इंदूरची मराठी. डॉक्टरपासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळे तिला काकीच म्हणत. लकव्याच्या पेशंटांच्या वॉर्डात तिची ड्यूटी असे. नर्सिंगच्या मुलींना तिच्याकडे पाठवायची पद्धतच पडली होती. याची नोंद कुठे नव्हती, पण दर वर्षीची नवी बॅच पहिल्या आठवड्यात तिच्या मागे उभी असायची.

मी तीन आठवडे वही घेऊन तिच्या मागे फिरले. ती पेशंटला हात लावण्याआधी स्वतःचे हात काखेत धरून गरम करायची. मग पेशंटला ज्या बाजूला वळवायचं त्या बाजूला बघायला लावायची. मान वळली की खांदा आपसूक हलका होतो, हे मी कुठल्याच पुस्तकात वाचलं नव्हतं. आडव्या चादरीच्या निऱ्या करून ती पाठीखाली अशी सरकवायची की माणसाला उचलावंच लागायचं नाही. आणि सगळा वेळ बोलत असायची. एक म्हातारे गृहस्थ होते, दुकानदार, आजारपणातही तोरा कायम. त्यांना ती म्हणायची, “सेठजी, आता तुम्हाला पलटून राहिले. दुकान इकडे आहे, इकडे बघा.” ते चिडायचे आणि चिडता चिडता वळून जायचे.

मला ती सुरुवातीला टोमणेच मारायची. “इतकं लिहून काय राहिली आहेस बेटा? मी काय मंत्री आहे?” चौथ्या-पाचव्या दिवशी मात्र तिनेच थांबवून सांगितलं की हे नीट लिही, अंगठा इथे असला तर पेशंटला दुखतं. त्यानंतर ती रोज दाखवायची आणि मी लिहिलेलं माझ्याकडून ऐकून घ्यायची. मी इंग्रजीत लिहिलेलं तिला तोंडी मराठीत सांगायचे, माझ्या त्या अर्ध्या हिंदी मराठीत, आणि ती चुका काढायची. प्रात्यक्षिकांचा जवळजवळ सगळा भाग असा तयार झाला.

प्रवेशाच्या अटींची जागा मी मसुद्यात रिकामी ठेवली होती. तिथे ‘मंडळाने ठरवावे’ असं लिहिलं होतं. मंगळवारी प्रिंटरपाशी उभी राहून मी इतिवृत्त वाचत गेले, तेव्हा ती जागा भरलेली दिसली. बारावी सायन्स, जीवशास्त्रासह. वय तिशीच्या आत. उमेदवाराला रंगांधळेपणा नसावा.

रंगांधळेपणा वाचून मला कळलं की हे कुठून आलं. आमच्या लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमातून. बडे बाबूंनी तो परिच्छेद जसाच्या तसा उचलून इथे चिकटवला होता. मी तसं म्हणाल्यावर त्यांनी जीभ चावली, रंगांधळेपणा खोडला आणि पान पुन्हा छापलं. बाकीच्या अटी राहिल्या. टेम्प्लेट आहे, म्हणाले, पास झालेलं आहे, त्याला कोणी हात लावत नाही.

त्याच्याखाली आणखी एक ठराव होता. अभ्यासक्रमाची पहिली बॅच बाहेर पडली की हॉस्पिटलमध्ये पेशंटच्या जवळचं काम फक्त प्रमाणपत्र असलेल्यांनाच द्यायचं आणि आत्ताच्या आयांना झाडूपोछाच्या विभागात पाठवायचं. हे सगळं सविस्तर चर्चेअंती, सर्वानुमते ठरलेलं होतं. गुरुवारी. आणि मी मंगळवारी ते वाचत होते.

काकी दहावी पास होती. तिच्याकडून बघून लिहिलेल्या अभ्यासक्रमात तिला प्रवेश नव्हता आणि तो सुरू झाला की तिच्या हातात झाडू येणार होता. अटी बडे बाबूंनी चिकटवल्या होत्या, पण अभ्यासक्रम माझा होता. शब्द माझे होते, टाइप मी केलं होतं.

संध्याकाळी मी मल्हारगंजात तिच्या घरी गेले. खाली तिच्या नवऱ्याचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान, वर दोन खोल्या. मला बघून तिने आनंदाने शेव आणि चहा पुढे केला. कसं सांगायचं माहीत नव्हतं, म्हणून मी ते पानच काढलं आणि जसं वॉर्डात सांगायचे तसं वाचून मराठीत सांगितलं.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे पेपर मी बनवला, आणि पेपरला मलाच बसता नाही येणार.”

मी हो म्हटलं.

“मग माझी वही परत दे.”

मी म्हटलं, काकी, ते आता टाइप होऊन वर गेलंय. ती उठली, कप उचलला, माझा चहा अर्धा होता तरी उचलला, आणि मोरीत जाऊन घासायला लागली. तिने मला समजून घ्यावं, एखादं दिलाशाचं वाक्य बोलावं, अशी माझी मनातल्या मनात अपेक्षा होती हे मला तेव्हा कळलं आणि लाज वाटली. तिने मला दिलासा का द्यावा? मी जिना उतरले. खाली तिच्या नवऱ्याने विचारलं, इतक्यात निघालात?

बुधवारी सकाळी मी डीन सरांना ईमेल लिहिला. बोलता न येणारी माणसं ईमेल चांगला लिहितात. हे प्रमाणपत्र विद्यापीठाचं स्वतःचं आहे, बारावी सायन्सची सक्ती बाहेरच्या कुठल्याही नियमात नाही, हे मी शोधून काढलं होतं. दहावी आणि वॉर्डातला पाच वर्षांचा अनुभव चालावा, वयाची अट काढावी, सध्याच्या आयांची प्रात्यक्षिक परीक्षा घेऊन त्यांना थेट प्रमाणपत्र द्यावं, असं तीन परिच्छेदांत मांडलं. एकही स्पेलिंग चुकलेलं नव्हतं.

सरांनी दुपारी बोलावलं. ते चार वर्षांपूर्वी पुण्याहून आलेले, माझ्याशी आवर्जून मराठीत बोलायचे. त्यांचं मराठी ऐकलं की मला माझं धुवायला टाकावंसं वाटायचं. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि म्हणाले, फार छान लिहिलंयस. मुद्दा योग्य आहे. पण एकदा अभ्यासक्रम उभा राहू दे, सुधारणा काय, पुढच्या वर्षीही करता येतात. दहावीवर प्रवेश दिला तर लोक म्हणतील, विद्यापीठ आयांचे क्लास चालवतं.

मला म्हणायचं होतं की सर, हा आयांचाच क्लास आहे. सुधारणा होईपर्यंत काकी वॉर्डात नसेल. पण मी मान खाली घालून पाण्याचा ग्लास बघत बसले. मला पटलं, असं त्यांना वाटलं असावं. मी उठताना ते म्हणाले, “उद्या शेवटी ठराव तूच वाचून दाखव. तुझे उच्चार चांगले आहेत.”

घरी आईला एवढंच सांगितलं की उद्या मीटिंगमध्ये मला वाचायचं आहे. तिला आनंद झाला. तिने माझी निळी साडी इस्त्री करून ठेवली. मी गुरुवारी नेहमीचा कुर्ताच घातला.

बैठकीला पाच जण होते. सर, बडे बाबू, हॉस्पिटलचे अधीक्षक, आमच्या नर्सिंग कॉलेजच्या प्रिन्सिपल आणि भोपाळहून आलेल्या बाहेरच्या तज्ज्ञ मॅडम. त्या तज्ज्ञ मॅडम मन लावून वाचणाऱ्या होत्या. प्रात्यक्षिकांच्या भागाशी त्या बराच वेळ थांबल्या आणि मान वळवण्याच्या पायरीवर बोट ठेवून म्हणाल्या की हे फार सुंदर आहे, कुठल्या पुस्तकातून घेतलं? सर म्हणाले, आमच्या टीमने तयार केलंय. बडे बाबूंनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. माझे कान तापले.

तेवढ्यात कचोऱ्या आल्या. प्लेटा फिरायला लागल्या. अधीक्षकांनी भोपाळच्या मॅडमना, चटणी सांभाळून, तिखट आहे, असं बजावलं आणि त्यांनी चष्मा काढून ठेवला. सर म्हणाले, पुढचे दोन मुद्दे प्रवेशाच्या अटी आणि नेमणुका, ते टेम्प्लेटप्रमाणेच आहे. त्यांनी दोन पानं एकदम उलटली. सगळ्यांनी उलटली. सगळ्यांची बोटं तेलकट होती, त्यामुळे कागदाच्या कडांनाच धरून, जपून. मग पुढच्या सत्राचं वेळापत्रक सुरू झालं.

मी घड्याळाकडे बघितलं नाही, पण कचोरीचा एक घास खायला लागतो त्याहून जास्त वेळ गेला नव्हता. त्या घासात काकीची बावीस वर्षं निकालात निघाली. वही परत दे म्हणणारा तिचा आवाज मला दोन दिवस झोपू देत नव्हता, आणि मला प्रथमच वाटलं, की तिने मागितलं ते अगदी रास्त होतं, मी ते देऊ शकत होते, वहीच्या रूपात नसेल तरी.

शेवटी सर म्हणाले, चला, ठराव वाचून घेऊ आणि सह्या करू. बडे बाबूंनी पेनं वाटली. मी उभी राहिले. पहिला ठराव वाचला. दुसरा, तिसरा. आवाज बरा लागला होता. चौथ्यापाशी आले. ‘प्रवेशाच्या अटींवर सविस्तर चर्चा होऊन’ या अर्थाचं इंग्रजी वाक्य माझ्यासमोर होतं. मी स्वतः असली वाक्यं कितीतरी वेळा टाइप केली होती आणि त्यांत मला कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

मी थांबले. बडे बाबूंना वाटलं पान सापडत नाहीये. त्यांनी वाकून माझ्या कागदावर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाले, “पढ़ो ना मैडम, यहाँ से।” मी त्यांचं बोट दिसत असूनही वाचलं नाही. भोपाळच्या मॅडमनी चष्मा पुन्हा लावला. सर माझ्याकडे बघून हसले, घाबरलेल्या मुलीला धीर द्यावा तसे, आणि त्या हसण्याने मला उलट राग आला. मी घाबरले होतेच. पण मी कागद खाली ठेवला नाही.

सगळी बैठक हिंदी-इंग्रजीत चालली होती, पण सर आणि मी मराठीतच बोलायचो, त्यामुळे तोंडातून मराठीच आलं. जमेल तितक्या मोठ्याने.

“सर, या मुद्द्यावर चर्चा झालेली नाही. झाली असं मी वाचणार नाही. मॅडमनी विचारलं ते पुस्तकातलं नाही, खाली वॉर्डातल्या काकींनी मला शिकवलंय, आणि या अटीने त्यांनाच बाहेर काढलंय. आधी चर्चा करा. त्यांनाही खालून बोलवा. मी लिहायला बसते.”