इन्शाल्लाचा रकाना

शनिवार, १८ जानेवारी. सकाळी अकरा. अल कुसैस, युसूफभाईंची खोली, तिसरा मजला.
हजर: युसूफ परकार स्वतः, त्यांच्या खोलीतले दोघे सोबती, गोदामातले चार जण, मी, माझी मुलगी ईशा.
गैरहजर: कुलकर्णी साहेब, मीटिंग. विनोद ड्रायव्हर, कारण कळवलं नाही.
निमित्त: सत्तावीस वर्षं नोकरी करून युसूफभाई कायमचे गावी चालले, त्यांचा निरोप.

एवढं नेहमीच्या वहीत नेहमीसारखं लिहिलं आणि पुढे हात चालेना. चालेना म्हणजे रडू आलं म्हणून नव्हे. संताप आला म्हणून. सत्तावीस वर्षांच्या माणसाला निरोप द्यायला मॅनेजरला मीटिंग आडवी येते, आणि साहेबांच्या सगळ्या मीटिंगा कॅलेंडरवर मीच टाकते, ही टाकलेली नव्हती. म्हणजे ती नव्हतीच.

युसूफभाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते जिन्याच्या दारात. आमची कंपनी इथे आखातात एअर कंडिशनिंगचं सामान विकते. गोदाम रास अल खोरला, ऑफिस जुमेरा लेक टॉवर्समध्ये बाविसाव्या मजल्यावर. मी तिथे ॲडमिन सांभाळायला लागून तिसराच दिवस होता. आगीच्या वेळचा म्हणून ठेवलेला जिना, त्याचं जड दार उघडलं आणि एक घामाघूम, सडपातळ, पिकल्या दाढीचा माणूस डिलिव्हरी नोटांचा गठ्ठा घेऊन आत आला. पायात डोंगरात घालायचे जाड बूट. मी विचारलं, "लिफ्ट बंद आहे का?"

"चालू हाय की मॅडम."

"मग?"

"लिफ्ट शेरातल्या मानसांना. डोंगरात मना लिफ्ट कोन देनार हाय?"

ऑफिसात समज असा होता, की पिकअप चालवणारा हा कोकणातला माणूस लिफ्टला घाबरतो. कोणी विचारायची तसदी घेतली नव्हती. मला प्रत्येक गोष्टीचं कारण नोंदवायची सवय. म्हणून विचारलं, आणि कळलं की त्यांना शिकारीला जायचंय. किर्गिझस्तानात. रानबकरा मारायला. परमिट काढून, वाटाड्या घेऊन, बर्फाच्या डोंगरात. त्यासाठी ते आठवड्यातून चार वेळा बावीस मजले चढत होते. मी सोळा वर्षं पाहिलं. सुरुवातीला मध्ये दोनदा थांबायचे, नंतर एकदा, शेवटच्या वर्षांत एकदाही नाही.

मंडणगड तालुक्यात त्यांचं गाव. लहानपणी गावात पारध निघायची. बंदूकवाले वरच्या अंगाला दबा धरून बसायचे आणि युसूफभाईंचे वडील, काका, पुढे युसूफभाईही, खालून आरडाओरडा करत, डबे बडवत जनावर वर हाकायचे. हाकारे म्हणतात त्यांना. "भेकर पडला की मुंडी बार काढनाऱ्याची. हाकाऱ्याला वाटा. वाटा कमी न्हाय मिळायचा, बाय, ते खोटं न्हाय बोलनार. पन मुंडी कधी आमच्या घरात न्हाय आली." ऑफिसात मी मॅडम होते. गाडीत किंवा फोनवर बाय. "बापानं जन्मभर हाका घातला. मी पन घातला. एकदा वर बसायचाय. गप. हातात बंदूक घेऊन. एक बार."

मी शहाणपणा केला, "गावाला जाऊन मारा की एखादं."

ते चिडले. सोळा वर्षांत माझ्यावर एकदाच चिडले. "बंदी हाय तिकडं! तवा पोरगा होतो, कायदा ठावूक न्हवता. आता ठावूक हाय. चोरून मारायला मी काय चोर हाय? कागद पायजे. माझ्या नावाचा."

हा माणूस खोलीत आठ जणांत राहत होता. मुलीचं लग्न, मुलाचं आयटीआय, घराचं छप्पर, आईचं आजारपण, सगळं पिकअपच्या पगारात झालं. जे उरायचं त्यातून शिकार. दोन्ही ईदांना शारजाच्या शूटिंग क्लबात जाऊन दहा-दहा गोळ्या झाडायचे. बाकी वर्षभर फुकटाचा सराव. दुपारच्या सुट्टीत रास अल खोरच्या खाडीकाठी, रोहित पक्षी बघायला आडोसा केलाय तिथे, जुन्या बाजारात घेतलेली दुर्बीण लावून बसायचे. अर्धा तास पुतळ्यासारखे. मी एकदा कागदांवर सह्या घ्यायला तिथे गेले, तर ओठ न हलवता म्हणाले, "बाय, बांगड्या वाजतात."

बर्फातल्या मुक्कामासकट सगळा खर्च होता चौदा हजार दिरहम, म्हणजे सव्वातीन लाख रुपये. तेवढे जमायला अकरा वर्षं लागली. दोनदा जमले आणि दोनदा घरी गेले. तिसऱ्यांदा जमले तेव्हा मी स्वतः बसून त्यांच्यासाठी यादी केली. गरम कपडे, बुटांचे मोजे, साखरेच्या गोळ्या, विमा, परमिटाच्या तीन प्रती. तिकडच्या कॅम्पवाल्याला बयाणा गेला. ऑक्टोबरचं परमिट आलं. युसूफ परकार, असं त्यावर इंग्रजीत छापलेलं होतं. त्यांनी ते लॅमिनेट करून गाडीच्या सनशेडला अडकवलं.

कुलकर्णी साहेब पुण्याचे. त्यांना ही सगळी गंमत वाटायची. "काय शिकारी, आज कुठला वाघ?" हे रोजचं. परमिट पाहिल्यावर म्हणाले, "बकरा मारायला रजा? अहो, अल कुसैसमध्ये गल्लीगल्लीत खाटीक आहेत, हबीबी. सोललेला देतात." सगळे हसले. युसूफभाईही हसले. मी वही काढून पुढचं काम विचारलं. माझा निषेध एवढाच असायचा.

आता मुद्द्यावर येते.

माझ्या वहीत तीन रकाने असतात. हो. नाही. इन्शाल्ला. तिसरा रकाना मी इथे आल्यावर पाडला, कारण त्याशिवाय काम होईना. माल उद्या येणार का? इन्शाल्ला. म्हणजे येत नाही. चेक गुरुवारी निघेल का? इन्शाल्ला. म्हणजे पुढच्या महिन्यात विचारा. एसीवाला, प्लंबर, शाळेचा बसवाला, सगळे तिसऱ्या रकान्यात. कुलकर्णी साहेब तर म्हणायचे, इन्शाल्ला म्हणजे इस्त्री केलेला नकार. मी हसायचे, आणि तिसऱ्या रकान्यातल्या कुणावर विसंबून कधीही काहीही ठरवत नसे. माझं काम अडत नाही अशी माझी ख्याती आहे, ती ह्या रकान्यामुळे.

मागच्याच्या मागच्या सप्टेंबरात ऑक्टोबरच्या रजा ठरवायच्या होत्या. गोदामाला ड्रायव्हर दोन, युसूफभाई आणि विनोद. एका वेळी एकालाच सोडता येतं. साहेब म्हणाले, "जो नक्की जाणार त्याचं नाव दे. मला नंतर बदल नकोत."

मी विनोदला फोन केला. तो म्हणाला, "हंड्रेड पर्सेंट, मॅडम! तिकीट काढतोय."

मग युसूफभाईंना. ते हायवेवर होते. मागून ट्रकचे आवाज येत होते.

"युसूफभाई, ऑक्टोबरची रजा नक्की ना?"

"इन्शाल्ला, बाय."

"हो की नाही ते सांगा."

"बोललो ना. इन्शाल्ला."

मी तिसऱ्यांदा विचारलं नाही. दुसऱ्या लाइनवर सप्लायर होता, हातात पेन होतं. विनोद: हो. परकार: इन्शाल्ला. पंधरा मिनिटांत यादी साहेबांच्या टेबलावर, आणि अर्ध्या तासात सही होऊन परत.

माझ्यासमोर अकरा वर्षं होती. बावीस मजले होते. त्यांच्या मोज्यांची यादी माझ्या हाताने केलेली होती. आणि मी तो शब्द प्लंबरच्या रकान्यात टाकला.

त्यांना कळलं तेव्हा ते ऑफिसात आले, जिन्यानेच. साहेबांच्या केबिनकडे बघत मला विचारलं, "साहेबानं कापला?"

मी म्हटलं, "यादी फायनल झालीय."

हे खोटं नाही. हे त्याहून वाईट आहे. पूर्ण खरं असलेलं वाक्य निवडून मी त्याच्या मागे लपले.

"पन मी तर बोललो होतो तुला," ते म्हणाले. "मी उद्याच्या गोष्टीला नुसता हो कधी बोलत न्हाय. हो बोलनारा मी कोन? चहा पिनार का विचारलंस तर हो बोलतो. ही गोष्ट मोठी. हिच्यात अल्लाचं नाव घातल्याबिगर तोंड कसा उघडू?"

म्हणजे त्यांचा हा होकार बाकी सगळ्या होकारांहून पक्का होता. मला हे समजायला हवं होतं. सोळा वर्षांत हा माणूस उद्या येतो म्हणाला आणि आला नाही असं एकदाही झालं नव्हतं, आणि प्रत्येक वेळी त्याने इन्शाल्लाच म्हटलेलं होतं. शब्द कुणाच्या तोंडचा आहे ते मी पाहिलंच नाही, नुसता शब्द पाहिला.

"खलास," ते म्हणाले. खाली जाऊन परमिट सनशेडवरून काढून सीटखाली ठेवलं आणि दुपारची डिलिव्हरी घेऊन गेले. भांडले नाहीत. मला त्याचाही राग येतो. टेबलावर हात आपटला असता, साहेबांच्या केबिनमध्ये घुसले असते, तर माझ्या तोंडून खरं निघालं असतं. पण जन्मभर हाकारा राहिलेल्या माणसाला वर बसलेल्याशी भांडायची सवयच नव्हती.

विनोद गेलाच नाही. जायच्या आठवड्यात म्हणाला, "मॅडम, बायको बोलते डिसेंबरात या." तोपर्यंत कॅम्पवाल्याने युसूफभाईंची जागा कुणा जर्मन माणसाला दिली होती आणि बयाणा बुडाला होता. विनोदचा हंड्रेड पर्सेंट माझ्या वहीत अजून पहिल्या रकान्यात आहे. मी मुद्दाम खोडलेला नाही.

"पुढच्या साली," युसूफभाई म्हणाले, आणि अर्थातच पुढे, "इन्शाल्ला." जिना चालू राहिला. पण उन्हाळ्यात साखरेने उजव्या डोळ्यात रक्त उतरलं. उपचार केले. सावल्या दिसतात, बाकी काही नाही. नेम धरायचा तोच डोळा. डिसेंबरात लायसन्स नव्याने काढायचं होतं, तिथे चाचणीत नापास झाले. ड्रायव्हरला लायसन्स नाही म्हणजे नोकरी नाही, नोकरी नाही म्हणजे व्हिसा नाही. पत्र मीच टाइप केलं. सत्तावीस वर्षं दोन परिच्छेदांत बसली.

तर ती सकाळ. खोलीत बिर्याणीचे डबे, दोरीने बांधलेली पेटी, सगळे जमिनीवर बसलेले. ईशा माझ्या कानाशी कुजबुजली, "मम्मा, ही वॉन्टेड टू किल अ गोट? दॅट्स सो सॅड."

मी तिला गप्प करणार होते, पण त्यांनी ऐकलं होतं. "काय बोलते पोर?"

"तिला बकऱ्याची दया येते."

"येऊ दे. चांगला हाय. मना पन येते." मग दुर्बीण तिच्या गळ्यात घातली. "हिच्यातून रोहित बघ. हलू नको. पापनी हलली की गेला." ईशा खरोखर श्वास धरून खिडकीबाहेर बघत बसली. तिकडे रोहित नव्हते, समोरच्या गच्चीवर वाळत घातलेले गणवेश होते.

कोणीतरी डोळ्याचं विचारलं. ते म्हणाले, "उजवा गेला, डावा हाय. हाका घालायला डावा पुरे."

सगळे हसले. मला हसू येईना. मग ते उठून उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "ह्या कंपनीत माझ्या बाजूची एकच, ही बाय. साहेबानं माझा नाव कापला तवा ही किती भांडली असंल, ते मना ठावूक हाय. बोलली न्हाय कधी. पन ठावूक हाय."

गोदामातल्या चौघांनी माझ्याकडे आदराने पाहिलं. मी बिर्याणीच्या डब्यांची झाकणं लावायला घेतली. एकूण नऊ डबे. नऊही झाकणं नीट बसली.

निघताना त्यांनी मला जिन्यात गाठलं. "गावाला येशील ना? त्या वरच्या अंगाला घेऊन जातो तुला. बंदूकवाले बसायचे तिथं. बंदूक न्हाय तर न्हाय. नुसते बसू. बसून बोलू."

तिथेच सांगायचं होतं. तीन मजले उतरायचे होते, वेळ पुरेसा होता. मी म्हटलं, "इन्शाल्ला, युसूफभाई."

त्यांचा चेहरा उजळला. "मंग नक्की," ते म्हणाले. "मंग आता फिकीर न्हाय."

त्या दिवसाच्या कामांची यादी वहीत आहे. तिकिटाची प्रत देणे, झालं. पेटीचं वजन करणे, झालं. डोळ्याच्या औषधाची चिठ्ठी मराठीत लिहून देणे, झालं. विमानतळाची गाडी, झालं. शेवटी पाचवं काम आहे, घरून निघण्यापूर्वीच लिहिलेलं: युसूफभाईंना खरं सांगणे.

त्यानंतर त्यांचे तीन फोन आले. तिन्ही मी पहिल्या रिंगला उचलले. साखर विचारली, डोळा विचारला, आंब्याचा मोहोर विचारला. पाचव्या कामापुढचा चौकोन अजून रिकामा आहे.